पाण्यावर पाणी सोडणं

“थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. शास्त्रीय कारण लिहा.”

मंडळी, हा प्रश्न आठवतो का? दोन मार्कांचा असायचा. मी इतिहास-भूगोलाचा मास्तर, बी.ए., तेही मराठी माध्यमातून. पण शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचे तास माझ्या गळ्यात पडत. १९९० च्या आसपास अशाच एका सत्रात मी ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकवलं. फळ्यावर होपचं उपकरण काढलं, दोन थर्मामीटर काढले, आणि उत्तर लिहून दिलं. पाणी ४ अंशांच्या खाली गेलं की आकुंचन पावायच्या ऐवजी प्रसरण पावतं, बर्फ होताना त्याचं आकारमान वाढतं, नळाच्या भिंतीवर दाब पडतो आणि नळ फुटतो. पोरांनी ते पाठ केलं. आमच्या तळेगावात नळ फुटायचा तो रस्ता खोदणाऱ्यांच्या कुदळीने. थंडीने फुटलेला नळ वर्गातल्या कुणी पाहिला नव्हता, मीही नाही.

त्या वर्गातला एक मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. चाकणकडे त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या बॉड्या बांधल्यावर त्याने हौसेने स्वतःसाठी एक जुनी मोठी व्हॅन घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. झोपायला फळ्या, ओटा, बेसिन, शॉवर, छोटा गीझर, खाली ९० लिटरची टाकी आणि ऊब राहावी म्हणून डिझेलवर चालणारा हीटर. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून त्याच्या डोक्यात हे खूळ होतं. गेल्या डिसेंबरात बायको, मुलगी आणि आई अशा चौघांनी थेट हिमाचल गाठलं. मनालीच्या पुढे, २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात, सिस्सू गावी.

परत आल्यावर आठवड्याने तो माझ्याकडे आला आणि पिशवीतून काही वस्तू काढून टीपॉयवर मांडल्या. तडकलेला पंपाचा प्लॅस्टिकचा तोंडवळा. दोन तुकडे झालेलं फिल्टरचं भांडं. शॉवरच्या नळाचं पितळी अंग, त्यावर केसासारखी बारीक भेग. आणि गीझरची आतली टाकी, बाजूने पोट फुगून शिवणीवर उसवलेली.

“सर, तुमचा दोन मार्कांचा प्रश्न,” तो म्हणाला. “मला तेव्हा पूर्ण मार्क मिळाले होते.”

मी हसलो खरा, पण वस्तू हातात घेतल्यावर हसू थांबलं. पुढे त्याने जे सांगितलं त्याने तर झोपच उडाली.

झालं ते असं. मनालीला पहिल्या रात्री मोबाईलवर २ अंश दाखवत होतं. शून्याच्या वर आहे, म्हणजे काळजी नाही, असं तो समजला. सकाळी गाडीच्या टपावर आणि काचेवर पांढरा थर होता. तरी आतलं पाणी वाहत होतं, म्हणून पुढे गेले. सिस्सूला उणे दहाच्याही खाली गेलं असावं. मध्यरात्री हीटर खोकला आणि बंद पडला. पंजाबात भरलेलं डिझेल थंडीने गढूळ होऊन त्याच्या बारीक नळीत मेणासारखं बसलं होतं. ऊब गेली तसं पाणी गोठलं. पहाटे तीन वाजता थंडीने कुडकुडणाऱ्या आईसाठी त्याने गॅसची शेगडी पेटवली आणि वारा येऊ नये म्हणून सगळ्या फटी कापडाने बुजवल्या. तासाभरात मुलीचं डोकं दुखायला लागलं, तिला उलटी झाली. बायकोला वाटलं उंचीचा त्रास आहे. दार उघडलं ते केवळ उलटी बाहेर व्हावी म्हणून. त्या दाराने चौघं वाचली.

हे सांगताना त्याचा आवाज नेहमीचाच होता, पण हातातली पितळी नळी तो सारखी फिरवत होता.

तेव्हापासून महिनाभर मी हा विषय वाचत बसलो. इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय येतं? कोणतीही गोष्ट समजायची तर ती पहिल्यांदा कुणाला, कुठे कळली ते शोधायचं.

कॅरॅव्हॅन हा शब्द मूळचा फारसी, कारवान. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे तांडा. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरले, मोगलांच्याही फौजा त्यांनी पोसल्या आणि मराठ्यांच्याही. पण तांडा पाणी साठवून हिंडत नसे. पाणी असेल तिथे मुक्काम पडे. लष्करात पाणी लागलं तर ते पखालीत, म्हणजे कातड्यात. कातडं ताणलं जातं, फुटत नाही. इंग्लंडात हौसेखातर बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती ‘वॉन्डरर’, डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून बांधून घेतली. दोन घोडे ओढत. तीही आजच्यासारखे नळ-गीझर घेऊन हिंडणारी नव्हती. म्हणजे फिरत्या घराला थंडीची ही बाधा अलीकडची. ज्या दिवशी घराच्या पोटात टाकी, नळ, पंप आणि गीझर आले त्या दिवसापासूनची.

पाणी गोठताना धातू फोडतं हे मात्र फार आधी ठाऊक झालं होतं. ख्रिस्तियन हॉयगेन्सने १६६७ साली बंदुकीची जाड लोखंडी नळी पाणी भरून, तोंड बंद करून थंडीत ठेवली आणि ती फुटली. मला जास्त आवडला तो क्यूबेकचा प्रयोग. १७८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या ब्रिटिश तोफखान्यातल्या मेजर एडवर्ड विल्यम्सने तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले, भोकात लोखंडी बुच ठोकून बसवलं आणि ते बाहेर ठेवून दिले. एका गोळ्याचं सुमारे अडीच पौंडाचं बुच ४१५ फूट लांब उडालं आणि भोकातून बर्फाचा दांडा बाहेर आला. बुच घट्ट बसलं होतं तिथे गोळाच फाटला. दारूगोळा काही नाही, नुसतं पाणी आणि कॅनडाची रात्र.

बर्फ होताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. शंभर लिटरला नऊ लिटर जागा जास्त हवी, आणि ती मिळाली नाही तर ते ती करून घेतं. आमच्या गावात लोकवर्गणीतून, पैसा फंडातून, १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. त्या गावच्या मास्तराला काचेच्या बाटलीचा दाखला तरी सुचायला हवा होता. बाटली पाण्याने काठोकाठ भरून बर्फ-मिठात ठेवली असती तर पोरांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. मी फळ्यावर बाण काढत बसलो. असो.

आता माझ्या उत्तराकडे वळतो, कारण ते अर्धवट होतं. मी लिहून दिलं होतं की बर्फ नळाच्या भिंतीला ढकलतो आणि नळ तिथेच फुटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात काही संशोधकांनी मुद्दाम नळ गोठवून पाहिले. त्यांना दिसलं ते वेगळंच. नळात एखाद्या ठिकाणी बर्फाचा गोळा धरतो आणि वाढत जातो. वाढताना तो पलीकडच्या पाण्याला दट्ट्यासारखा रेटतो. पुढे नळाची चावी बंद असेल तर मध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नाही. तिथला दाब वाढत वाढत सगळ्यात अशक्त जागी बाहेर पडतो. म्हणजे जिथे बर्फ धरला तिथे नळ शाबूत आणि भलत्याच ठिकाणी भेग.

हे वाचलं आणि मी त्याला फोन लावला. “अरे, तुझ्या नळ्या कुठे गोठल्या?”

“गाडीच्या खाली, सर. चासीला लागून. तिथे वारा लागतो.”

“आणि फुटलं काय?”

तो थोडा वेळ गप्प. “सगळं वर, आतमध्ये. पंप, फिल्टर, शॉवर. नळ्यांना काही झालं नाही.”

नळ्या लवचीक प्लॅस्टिकच्या होत्या, त्या पखालीसारख्या ताणल्या गेल्या आणि पुन्हा बसल्या. फुटल्या त्या ताठ वस्तू. आणि सगळे नळ घट्ट बंद होते. एक जरी चावी किलकिली असती तरी कोंडलेल्या पाण्याला वाट मिळाली असती. थंड मुलखातले लोक रात्री नळ बारीक चालू ठेवतात त्याचं एक कारण हे. वाहतं पाणी सावकाश गोठतं हे दुसरं. सिस्सूला शेजारच्या हॉटेलवाल्याने त्याला हे सांगितलंही होतं, की नळ थोडा सोडून ठेवा किंवा टाकीच मोकळी करा. त्याने दोन्ही केलं नाही.

का केलं नाही, हा माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

त्याच्या आईचं माहेर माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. मी त्या वर्षी नोकरीच्या शोधात होतो. सुकडी मीही खाल्ली आहे, पण हंडाभर पाण्यासाठी रात्र जागलो नाही. ती जागली आहे. तिच्या घरात आजही तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जातं आणि नळ ठिबकला तर खाली वाटी लागते. मुलगा हॉटेलवाल्याचं ऐकून टाकीचा वॉल्व्ह उघडायला खाली वाकला तेव्हा ती म्हणाली, “अरे, भरलेली टाकी ओतून देतोस? उद्या कुठनं आणशील?” आणि त्याचा हात थांबला. मला सांगताना तो म्हणाला, “सर, आईवर ढकलत नाही. माझंच मन होत नव्हतं. ९० लिटर.”

मी त्याच्या जागी असतो तर माझंही झालं नसतं. आपण पाणी अडवायला, साठवायला, झाकून ठेवायला शिकलेली माणसं. मावळात धो धो पाऊस पडतो आणि घाट चढून पूर्वेला निघालं की दिवसाभरात दुष्काळी गाव लागतं. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं, ही आपली म्हणायची रीत दानाच्या संकल्पावरून आली. पण खुद्द पाण्यावर पाणी सोडायची वेळ आपल्यावर येत नाही, म्हणून ती विद्याही आपल्यापाशी नाही.

थंड देशांनी ती फुटक्या नळांच्या किमतीत मिळवली. जर्मनीत १९४९ साली स्थापन झालेली ट्रूमा नावाची कंपनी कॅरॅव्हॅनचे हीटर आणि गीझर बनवते. तिच्या गीझरला एक वॉल्व्ह असतो. आसपासचं तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की तो कुणाला न विचारता उघडतो आणि गीझरमधलं सगळं पाणी जमिनीवर सोडून देतो. वीज लागत नाही. नवखे लोक सकाळी गाडीखाली ओल बघून गळती समजतात आणि वैतागतात. मला त्या वॉल्व्हचं फार कौतुक वाटलं. माणसाचं मन धजत नाही हे ओळखून ते काम यंत्राकडे दिलं आहे. आमच्या पठ्ठ्याचा गीझर इथल्या न्हाणीघरात लावायचा, दहा लिटरचा. त्याला असलं काही नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. पुण्यातली नीचांकी थंडी म्हणजे १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. आपल्याकडे नळ भिंतीच्या बाहेरून जातात, टाकी गच्चीवर उघडी असते, आणि शंभर वर्षांत त्याचं कधी काही बिघडत नाही.

पण शून्याच्या वर म्हणजे काळजी नाही हा त्याचा पहिल्या रात्रीचा हिशेबही चुकीचाच होता, आणि तो चुकीचा आहे हे आपल्याच देशात अडीचशे वर्षांपूर्वी माहीत होतं. सर रॉबर्ट बार्करने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फवाल्यांचं वर्णन छापलं. उघड्या मैदानात उथळ खड्डे करायचे, तळाशी वाळलेला ऊस किंवा कडबा पसरायचा, त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं. हवा शून्याच्या वर असायची, तरी निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पहाटेपर्यंत परळांत बर्फ धरायचा. खालची ऊब कडबा अडवतो आणि वरची ऊब पाणी मोकळ्या आकाशाला देऊन टाकतं. १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्सने दवावर पुस्तक लिहून याचं कारण नीट मांडलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या यामुळेच. निफाडकडचे द्राक्षवाले डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते जमिनीजवळ थोडी ऊब ठेवतं. पहा, तिथे आपल्याच माणसांना थंडीच्या रात्री पाणी सोडायचं कळतं. पण ते मुळांना जातं, वाया जात नाही, म्हणून मन धजतं.

एवढं वाचून झाल्यावर माझ्या मनात आलं, बर्फात घर बांधून राहायचं आपल्या लोकांनी कधी मनावर घेतलं का? घेतलं की. आणि निघाले ते गोव्याहून, जिथे डिसेंबरातही घाम येतो.

६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेलं जहाज डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांना घेऊन गोव्याहून निघालं आणि ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. दोनच वर्षांत, १९८३-८४ च्या मोहिमेत, आपण तिथे ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ बांधला आणि बारा जणांनी तिथे पहिला हिवाळा काढला. नाव गंगेचं, पण तळ होता बर्फाच्या सपाट फळीवर. प्यायला पाणी हवं तर बर्फ आणून वितळवायचा, म्हणजे पाण्यासाठी इंधन. आणि पडणारं हिम तळाभोवती साचत साचत इमारत हळूहळू आत गाडली गेली. १९९० च्या सुमारास तो सोडून द्यावा लागला.

‘मैत्री’ बांधताना त्या चुकीची आठवण होती. १९८९ सालचा हा तळ बर्फावर नाही, शिर्माखर नावाच्या खडकाळ, उघड्या भागात आहे. पायांवर उभा आहे, म्हणजे हिम खालून वाहून जातं. समोर प्रियदर्शिनी नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे. वरून गोठलं तरी खाली पाणी राहतं. माझं होपचं उपकरण इथे खरं खरं, मैलभर बाहेर, निसर्गाने मांडून ठेवलं आहे. जड, ४ अंशांचं पाणी तळाशी, हलका बर्फ वर. तळ्यातलं पाणी पंपाने तळावर आणतात. खरी कसोटी असते ती तळं आणि घर यांच्यातल्या उघड्या नळाची. नळ झाकायचा, ऊब द्यायची, आणि पंप थांबला की आतलं पाणी उतारावरून परत जाईल असा ढाळ ठेवायचा. ध्रुवाकडच्या नळकामाचं सगळं शहाणपण एवढ्यात येतं.

तिसरा तळ ‘भारती’, २०१२ चा, हा तर माझ्या विद्यार्थ्याला दाखवलाच पाहिजे असा. जहाजावर माल ठेवायचे १३४ कंटेनर जोडून तो केला आहे. वीज देणाऱ्या जनित्राची वाया जाणारी ऊब तिथे घर उबदार ठेवायला वापरतात. चाकणमध्ये कंटेनर कापून ऑफिसं बनवणारे शंभर जण भेटतील. त्याच जातीचं काम, फक्त पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये काय भरायचं ते वेगळं. या सगळ्या मोहिमांचा कारभार आजही गोव्यात, वास्कोजवळच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

आणि याच मोहिमांच्या इतिहासात ती नोंद सापडली. जानेवारी १९९० मध्ये नवव्या मोहिमेतले चार जण हुम्बोल्ट पर्वतरांगेत तंबू ठोकून काम करत होते. बर्फाची सवय असलेली, तयारीची माणसं. चौघंही तंबूत मेलेले सापडले, थंडीने नव्हे, तर तंबूत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि ज्या मेंदूने दार उघडायचं तोच आधी मंद होतो.

हे मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याची बायकोही आली होती. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली आणि आमच्या हिला मदत करू लागली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे आपली पुष्कळ मराठी घरं आहेत, ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला. टेक्सास म्हणजे उष्ण प्रदेश. घरांचे नळ छपराखालच्या माळ्यावरून गेलेले, थंडीपासून झाकलेले नाहीत, अगदी आपल्यासारखं. पारा खूप खाली गेला, विजेची यंत्रणा कोलमडली, लाखो घरं अंधारात गेली आणि माळ्यावरचे नळ फुटले. फुटलेले कळले बर्फ वितळल्यावर, छतं खाली आली तेव्हा. सरकारी मोजणीत २४६ माणसं गेली, त्यातली १९ कार्बन मोनॉक्साइडने. कुणी बंद गॅरेजमध्ये ऊबेसाठी गाडी चालू ठेवली, कुणी घरात कोळसे पेटवले. म्हणजे क्रम तोच. आधी ऊब देणारं यंत्र बंद पडतं, मग पाणी फुटतं, मग घाबरलेला माणूस जे हाताशी असेल ते पेटवतो.

फुटलेलं बर्फ वितळल्यावर कळतं, हे त्याच्याही बाबतीत झालं. सिस्सूला सगळं ठाकठीक दिसत होतं, कारण भेगांत बर्फाचीच बुचं होती. मंडीच्या उताराला ऊन लागलं आणि गाडीत चहूकडून पाणी सुरू झालं. गाद्या भिजल्या, बॅटरीचं कपाट भिजलं. सव्वीस हजारांचा खड्डा पडला म्हणे.

दुरुस्ती त्याने स्वतः केली आणि ती मी शेडमध्ये खुर्ची टाकून पाहिली. नळ्यांत पाणी भरून गळती शोधली तर फळ्यांमागे पुन्हा ओल धरते, म्हणून त्याने हवा भरली, सायकलच्या पंपाने, काटा दोनच्या आसपास ठेवून. मोठा कॉम्प्रेसर शेजारीच होता, पण त्याच्या दाबाने धड जोडही निघाले असते. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले तिथे खडूची खूण. मला माहीत नसलेल्या आणखी चार जागा निघाल्या. आता टाकी चासीखालून काढून आत, पलंगाखाली घेतली आहे. सगळ्या नळ्यांना एकाच बाजूला ढाळ दिला आहे आणि सर्वांत खालच्या बिंदूवर एकच मोठा वॉल्व्ह आहे. तो उघडला, सगळे नळ उघडले, शॉवरची नळी खाली सोडली, पंप दोन मिनिटं कोरडा फिरवला, की पोटात थेंब राहत नाही. हीटरला हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो हे त्याने पुन्हा तपासलं. कार्बन मोनॉक्साइड ओळखून बोंब मारणारी डबी बायकोने स्वतः निवडून आणली आणि झोपायच्या उंचीवर लावायला लावली. डिझेल मात्र त्या त्या मुलखातलंच भरायचं ठरलं आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं, ते ऐकून तो म्हणाला, “म्हणजे सर, त्यांनाही आधी अडकल्यावरच कळलं.”

एका बाबतीत मात्र मी त्याला अडवलं. कुणीतरी सुचवलं होतं की नळ्यांत थोडं कूलंट टाक, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते, म्हणजे गोठायचं नाही. थंड देशांत कॅरॅव्हॅनच्या नळांत असं द्रव्य घालतात हे खरं, पण ते प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. रेडिएटरमधलं बहुधा एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विष. नावं भावंडांसारखी आणि पाण्यात दोन्ही दिसतात सारखीच. माझ्या पिढीला हे सांगावं लागत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये याच कुळातलं डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, वर्षभर वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली असत. तो तेव्हा शाळकरी पोर, त्याला आठवत नव्हतं. मी सांगितलं तसं त्याने तो डबा उचलून बाहेर ठेवला.

परवा रविवारी गाडी आमच्या दारात आली, चाचणीसाठी. टाकी आमच्याच नळाने काठोकाठ भरली, सगळे नळ चालवून पाहिले, एक थेंब गळला नाही. मग तो म्हणाला, “आता रिकामी करून बघू, किती वेळ लागतो.” मी घड्याळ लावलं. तो वॉल्व्हपाशी वाकला आणि तसाच थांबला. वर बघितलं तर त्याची आई आमच्या न्हाणीघरातल्या दोन बादल्या, एक टब आणि हिची पितळी कळशी घेऊन उभी होती.

“हां, आता सोड,” ती म्हणाली.

अकरा मिनिटं लागली. मधे दोनदा वॉल्व्ह बंद करावा लागला, बादल्या पपईला ओतून येईपर्यंत.